टेलफिन (जुन्या गाड्यांच्या मागच्या त्या शेपट्या) गेले म्हणून अजून किती वर्षं सुतक पाळायचं?

नटबोल्ट_नोव्हीकर:
परवा इथे कुणीतरी 59 च्या कॅडिलॅकचा फोटो टाकून लिहिलं की "तेव्हा गाड्या कलाकार बनवायचे, आता अकाउंटंट आणि सरकार बनवतं, सगळ्या नुसत्या साबणाच्या वड्या". खाली बदामांचा पाऊस. मी मिशिगनमध्ये गाड्यांच्याच धंद्यात आहे, दर ऑगस्टात वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांची जत्राच ती) जाऊन ह्याच गाड्यांपुढे आ वासून उभा असतो, त्यामुळे मला जुन्याचं वावडं आहे असं कुणी म्हणू नका. पण हे "कलाकार" ऐकलं की डोकं फिरतं. हार्ली अर्ल कलाकार होताच, वाद नाही. 1927 पासून जीएमचं (जनरल मोटर्स, कॅडिलॅक-शेव्हर्लेवाली) स्टायलिंग खातं त्याने उभं केलं, 48 च्या कॅडिलॅकला पी-38 विमानावरून शेपट्या आल्या त्या त्याच्याच डोक्यातून. पण पगार कशाचा मिळायचा? गेल्या वर्षी घेतलेली गाडी यंदा जुनाट दिसली पाहिजे, याचा! जीएमचे मोठे साहेब स्लोन, त्यांचा धंदाच तो. आणि 59 चे ते आभाळाला टेकलेले फिन कुठून आले माहितीये का, 56 च्या उन्हाळ्यात जीएमच्या चक जॉर्डन नावाच्या डिझायनरने प्रतिस्पर्धी क्रायस्लरच्या कुंपणापलीकडे उभ्या, उंच फिनवाल्या 57 च्या प्लिमथ (क्रायस्लरच्याच) बघितल्या, पोरांची तंतरली आणि अर्ल युरोपात असताना आधीचे आराखडे मोडीत निघाले. याला तुम्ही प्रेरणा म्हणा, मी पोटदुखी म्हणतो.

इम्पालावाले_काका:
फोटो मीच टाकला होता. असेल पोटदुखी, पण त्यातून निघालं काय ते बघा ना! आजच्या कंपन्यांनाही पोटदुखी होतेच की, आणि निघतो काय तर अजून एक राखाडी क्रॉसओव्हर. 57 ची शेव्हर्ले बेल एअर जवळून बघितलीये का कधी? दोन रंग, मागच्या फिनवर रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि पेट्रोलचं झाकण डाव्या फिनच्या क्रोमपट्टीमागे लपवलेलं, नवखा माणूस पंपावर शोधतच बसेल. हे कुणालातरी सुचलं होतं, आणि वरच्याने "खर्च वाढेल" म्हणून उडवलं नव्हतं. आमच्या लहानपणी वडिलांच्या शेठची इम्पाला गिरगावात वळली की अख्खी चाळ गॅलरीत यायची. आता इथे डॅलसच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडावी म्हणून मी रिमोट दाबत हिंडतो, आणि शेजारी अजून दोघं तेच करत असतात. नियमांनी सगळ्यांना एका साच्यात घातलं, बाकी काही नाही.

ब्रेकवाली_बाई:
नियमांबद्दल बोलूच मग. 1940 पासून अमेरिकेत सगळ्यांना तोच 7 इंची गोल सील्ड बीम हेडलाइट (काच, बल्ब सगळं एकाच बंद डब्यात), शेव्ही (शेव्हर्ले) घ्या नाहीतर कॅडिलॅक, डोळे सेम. 57-58 ला चार छोटे गोल चालायला लागले, 75 ला चौकोनी, आणि हव्या त्या आकाराचा हेडलाइट यायला 84 ची लिंकन मार्क सेव्हन उजाडली. म्हणजे तुमच्या सुवर्णकाळात चेहऱ्याचा नियम आजच्यापेक्षा कडक होता काका. दुसरं, 2009 मध्ये विमा कंपन्यांच्या हायवे सेफ्टी संस्थेने 59 ची बेल एअर आणि 2009 ची शेव्हर्लेचीच मालिबू ताशी 40 मैलांनी समोरासमोर धडकवली, व्हिडिओ बघा. मालिबूच्या ड्रायव्हरला पायाला थोडं लागलं असतं, बेल एअरवाला गेलाच असता.

इम्पालावाले_काका:
त्या बेल एअरचं इंजिन आधीच काढलं होतं, सगळ्यांना माहितीये.

ब्रेकवाली_बाई:
सगळ्यांना म्हणजे व्हॉट्सॲपला. सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं, संस्थेने तेव्हाच सांगितलंय. खाली एक्स आकाराची चासी, कडेला धक्का सोसायला काही नाहीच, दुसरं काय होणार? आता "फिनमुळे गाडी स्थिर राहते" तेवढं म्हणू नका, तो क्रायस्लरचा डिझायनर एक्सनर याचा विकायचा डायलॉग होता.

ओहायोचा_बाळू:
तुमचं चालू द्या, पण हेडलाइटचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. सील्ड बीम गेला की कुठल्याही दुकानात चार पैशात नवा मिळायचा, रिंगचे स्क्रू काढा, मागचा प्लग लावा, झालं. माझ्या गाडीच्या डाव्या एलईडीत पाणी शिरलं तर सर्व्हिसवाला म्हणतो बल्ब वेगळा येत नाही, अख्खं युनिट घ्या, शिवाय बंपर उतरवायची मजुरी, एकूण पंधराशे डॉलर!! एका दिव्याचे! आणि तो दिवा नसताना रात्री आय-75 हायवेवर मागून पिकअप आला ना, त्याचा उजेड थेट माझ्या आरशात, मला पुढचं काही दिसेना.

चिंचवडचा_चिकित्सक:
+1. इथे एक्सप्रेसवेवर घाटात पण तेच, वर हायबीम कुणी उतरवत नाही ते वेगळंच.

नटबोल्ट_नोव्हीकर:
बाळू, समोरच्याच्या डोळ्यांपुरता उजेड कापणारे हेडलाइट युरोपात केव्हाचे आहेत, अमेरिकेत 2022 पर्यंत परवानगीच नव्हती.

इम्पालावाले_काका:
म्हणजे सरकारच ना? मीही वर तेच म्हटलं तर तुम्ही इतिहास शिकवलात. धन्यवाद, आभारी आहे.

नटबोल्ट_नोव्हीकर:
घ्या काका, एक मार्क तुमचा, फ्रेम करून लावा. पण त्या पिकअपबद्दल बोला की! 59 ची कॅडिलॅक 225 इंच, पावणेएकोणीस फूट, तिला लोक बोट म्हणून हसायचे. आजचा चार दारांचा फुलसाइज पिकअप 230 च्या वर जातो, आणि बॉनेट माझ्या छातीला लागतं. विमा कंपन्यांच्या त्याच संस्थेने 2023 मध्ये सांगितलं, बॉनेट 40 इंचांपेक्षा उंच असेल तर पायी चालणारा मरण्याची शक्यता 30 इंच आणि त्याहून कमीवाल्यांपेक्षा साधारण 45 टक्के जास्त. याला फॅशन सोडून दुसरं कारण दाखवा. स्लोनसाहेब अजून जिवंत आहेत, फक्त फिन मागून पुढे आलेत.

ओहायोचा_बाळू:
कारण मी सांगतो, मायलेजच्या नियमात ट्रकला सूट.

ब्रेकवाली_बाई:
हे मात्र बाळू बरोबर बोलला, पहिल्यांदाच. पण काका, ह्यातून तुमच्या फिनचं समर्थन कसं होतं? 57 च्या क्रायस्लर घाईत काढल्या आणि पहिल्या काही हिवाळ्यांतच गंजल्या, तो इतिहास कुणी सांगत नाही. फोटोत गंज दिसत नाही ना.

इम्पालावाले_काका:
बाई, मला धडकायचं असेल तेव्हा मी मालिबू भाड्याने घेईन. बघायला कॅडिलॅकच. आणि चिंचवडकर, तुम्ही +1 नक्की कुणाला दिलात?

चिंचवडचा_चिकित्सक:
बाळूंना. हेडलाइटला.

ओहायोचा_बाळू:
क्लीव्हलंडजवळ जुने पार्ट विकणारं यार्ड कुणाला माहितीये का? डाव्या बाजूचा हवाय.