हुकमाचा एक्का: गुणाचे वर्णन की नशिबाचे?

धागाकर्ता: नोकरीसाठी आलेल्या एका अर्जात नुकतेच वाचले, ‘तणावातही शांत राहणे हा माझा हुकमाचा एक्का आहे.’ हा वाक्प्रयोग मला खटकतो. चौघांच्या डावात 52 पानांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला 13 पाने येतात आणि एक्का कोणाकडे जाणार हे पिसणाऱ्यालाही ठाऊक नसते. जे पान काहीही न करता हाती येते, त्याची उपमा वर्षानुवर्षे घासून कमावलेल्या गुणाला देणे म्हणजे त्या कष्टांवर पाणी ओतणे होय. शिवाय एक्का 13 पैकी एकच हात मिळवून देतो आणि संपतो. शांत स्वभाव असा एका प्रसंगात खर्ची पडत नाही.

पहिला प्रतिसाद: असहमत. आपण वाटणीपाशीच थांबलात. हुकमाची दुर्रीसुद्धा, म्हणजे अगदी दोनचे पानही, दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, मात्र उतारीच्या, म्हणजे त्या हातात पहिल्यांदा टाकलेल्या पानाच्या, रंगाचे पान जवळ असेपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही. म्हणजे नेहमीचे उपाय संपल्यावर जे कामी येते, तेच हुकमाचे पान. अर्जदाराला हेच म्हणायचे असावे. आणि कष्टांचे म्हणाल, तर एक्का हाती असूनही तो घाईने उतरवून डाव घालवणारे आपण सर्वांनीच पाहिले आहेत (मी तर त्यांतलाच एक). पान नशिबाचे असले, तरी ते राखून ठेवण्याचे कसब शिकावेच लागते.

दुसरा प्रतिसाद: ‘हुकूम’ हा मुळात अरबी शब्द असून त्याचा अर्थ आज्ञा. ‘हुकमी औषध’ किंवा ‘हुकमी गोलंदाज’ म्हणताना पत्ते कोणाच्या मनातही येत नाहीत, खात्री तेवढी कळते. अर्जदाराने ‘हुकमी गुण’ लिहिले असते, तर हा धागाच निघाला नसता.

तिसरा प्रतिसाद: रमीत जोकर जवळपास कोणत्याही पानाची जागा भरून काढतो. अडल्या वेळी कोणाचेही काम उचलणाऱ्या सहकाऱ्याला खरे तर हीच उपमा शोभते. पण ‘मी आमच्या विभागाचा जोकर आहे’ असे अर्जात लिहून पाहा!

धागाकर्ता: दुर्रीचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य करतो. पण मग ‘शांतपणा ही माझी हुकमाची दुर्री आहे’ असे कोणीच का लिहीत नाही? प्रत्येकाला एक्काच हवा असतो, माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.