शब्दचर्चा : फ्रान्सच्या वाणिज्य न्यायालयातल्या 'ग्रेफिए'ला मराठीत काय म्हणावं?

मोगरा :
माझी भाची फ्रान्समध्येच वाढली, तिथलीच नागरिक आहे. कायदा शिकून काही वर्षं वकिलांच्या कार्यालयात होती. आता तिला वाणिज्य न्यायालयात ग्रेफिए, म्हणजे तिथले निकाल आणि नोंदी सांभाळणारी अधिकारी, व्हायचंय. तिच्या आजीला सगळं नीट कळावं म्हणून मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला अडले. इंग्रजीवरून गेलं की 'न्यायालयाचा लिपिक' असं होतं. ते वाचून आई विचारणार, वकिली सोडून कारकुनी कशाला? दुसरा शब्द सुचवाल का?

दौत :
लिपिक अजिबात नको. फ्रान्समध्ये एकाच नावाचे दोन निराळे लोक आहेत. इतर न्यायालयांतल्या ग्रेफिएंना १९६५ च्या कायद्यानं सरकारी सेवेत घ्यायला सुरुवात झाली. आज ते दिजाँच्या राष्ट्रीय शाळेत शिकून रुजू होतात. वाणिज्य न्यायालयांतले त्यातून बाहेर राहिले. त्यांना सरकारी पगार नाही. कार्यालय त्यांचं, तिथली माणसं त्यांनी नेमलेली आणि उत्पन्न सरकारनं ठरवून दिलेल्या शुल्कातून. मात्र नेमणूक न्यायमंत्री करतात आणि पदाचा अधिकार राज्याचा. शब्द निवडताना या दोन्ही बाजू धरायला हव्यात.

जुना नाझर :
मोगराताई, आमच्या जिल्हा न्यायालयात 'शिरस्तेदार' हे पद होतं. कागद त्याच्या हातून गेल्याशिवाय न्यायाधीशांसमोर जात नसे. मान असलेला शब्द आहे, आजींना लगेच कळेल.

दौत :
नाझरकाका, मान जुळतो, पण शिरस्तेदार सरकारी नोकर. शिवाय तिकडच्या न्यायालयाची घडणच वेगळी. पॅरिसचं व्यापाऱ्यांचं न्यायालय १५६३ मध्ये नवव्या शार्लच्या आज्ञापत्रानं सुरू झालं, आणि आजही तिथे न्यायाला बसतात ते निवडून आलेले उद्योजक-व्यापारी, तेही बिनपगारी. त्यांच्या शेजारी बसणारा ग्रेफिए कायद्याचा माणूस. निकालाची मूळ प्रत त्याच्याकडे राहते, सहीशिक्क्याच्या प्रती तोच देतो. व्यापार आणि कंपन्यांची नोंदवही तोच ठेवतो. कंपनीचा 'काबिस' नावाचा उतारा त्या नोंदवहीतून निघतो. शेतकऱ्याला सातबारा तसा तिथल्या व्यावसायिकाला काबिस. बँकेत खातं उघडायला गेलं की आधी तोच मागतात.

रानजाई :
नोंदवही मुख्य असेल तर 'निबंधक' सरळ बसतो. आपल्याकडे कंपनी निबंधक आहे, दुय्यम निबंधक आहे.

जुना नाझर :
पण आपला निबंधक सुनावणीला बसत नाही. उच्च न्यायालयात 'प्रबंधक' म्हणतात, तो न्यायालयातला शब्द. मात्र बाहेर प्रबंधक म्हटलं की लोकांना व्यवस्थापक वाटतो, ही अडचण खरी.

वेताळबांबर्डे :
१८१६ च्या कायद्यानं या मंडळींना आपल्यामागे कोण यावं ते सरकारला सुचवायचा हक्क दिला, आणि तो मोबदला घेऊन सोडता येतो, असं वाचलंय. मग हे आपल्या वतनदारीजवळ जातं ना?

दौत :
हक्क आहे, पण 'वतन' शब्दानं अर्थ बिघडेल. वतन बापाकडून मुलाकडे यायचं. इथे सुचवलेल्या माणसाची पात्रता मंत्रालय तपासतं. २०१५ च्या माक्राँ कायद्यानंतर आणि २०१६ च्या अध्यादेशानं प्रवेश स्पर्धा परीक्षेतून ठेवला आहे. फ्रेंचमध्ये 'एक्झामाँ' आणि 'काँकूर' हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिलीत ठरावीक गुण मिळाले की उत्तीर्ण, दुसरीत जागा मोजक्या. ताई, टिपणात नुसतं 'परीक्षा' लिहू नका, स्पर्धा परीक्षाच लिहा. आपल्याकडे त्या शब्दामागची मेहनत घराघरांत ठाऊक आहे.

मोगरा :
हे फार उपयोगी पडलं. परीक्षेनंतर प्रत्यक्ष कार्यालयात शिकायचा काळ असतो, त्याला 'प्रशिक्षण' लिहू की 'इंटर्नशिप'?

रानजाई :
'उमेदवारी' लिहा! जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केली, असं आपण म्हणतोच. पद मिळाल्यावरही शिकत राहणं त्यांना बंधनकारक आहे, त्याला 'सातत्याचं प्रशिक्षण' म्हणता येईल. शिकण्याचे हे दोन प्रकार एका शब्दात कोंबू नयेत. आणि वकिली वगैरे कायद्याच्या पेशातून येणाऱ्यांना काही अटींतून सूट मिळू शकते, तिथे 'सवलत' नको. सवलत कृपेसारखी वाटते. ही सूट आधी केलेल्या कामाची दखल आहे.

जुना नाझर :
देखरेखीचे शब्दही जपून वापरा. या कार्यालयांची तपासणी होते, सरकारी वकिलांचं लक्ष असतं. शिस्तीचे नियम २०२२ मध्ये नव्यानं लागू झाले. शिक्षा ताकिदीपासून सुरू होते, मग ठपका, मग काही काळ कामाला बंदी, आणि शेवटी पद काढून घेणं. या शेवटच्या शिक्षेला 'बडतर्फी' लिहू नका. बडतर्फ नोकर होतो. पदाधिकाऱ्याची 'पदच्युती' होते. माझ्या मते हा एक शब्द बरोबर पडला तर पदाचं स्वरूप वाचकाला आपोआप कळतं.

वेताळबांबर्डे :
पटलं, वतनाचं मागे घेतो. आमच्या शेजारी गोव्यात कोमुनिदादचा, म्हणजे गावकीच्या संस्थेचा, लेखनिक 'एस्क्रिवांव' या पोर्तुगीज नावानंच नांदतो, कुणी भाषांतर मागत नाही. ग्रेफिएलाही तसंच राहू द्यावं.

दौत :
पहिल्या उल्लेखात ग्रेफिए ठेवून पुढे 'न्यायालय-निबंधक' म्हणावं. न्यायालय आणि नोंदवही दोन्ही त्यात येतात. एक खबरदारी घ्या : आल्झास आणि मोझेल भागात वाणिज्य न्यायालयंच नाहीत, तिथे हे काम सामान्य न्यायालयाच्या वाणिज्य दालनाकडे आहे. म्हणून 'फ्रान्सभर' असं लिहू नका. आणि २०२५ च्या जानेवारीपासून पॅरिस, लिऑं, मार्सेय धरून १२ ठिकाणी वाणिज्य न्यायालयाचं नाव प्रयोग म्हणून 'आर्थिक व्यवहार न्यायाधिकरण' झालंय. भाची तिथे गेली तर पाटीवर ते नाव असेल.

मोगरा :
सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहिलंय : "तिला ग्रेफिए, म्हणजे वाणिज्य न्यायालयाची न्यायालय-निबंधक व्हायचं आहे. हे पद स्पर्धा परीक्षा आणि उमेदवारी यांनंतर न्यायमंत्री देतात. कार्यालय स्वतः चालवायचं, पण नियम आणि तपासणी राज्याची." चालेल का?

जुना नाझर :
चालेल. 'न्यायमंत्री देतात'च्या जागी 'न्यायमंत्र्यांच्या नेमणुकीनं मिळतं' करा, पद खिरापतीसारखं वाटू नये. आणि शपथेचा उल्लेख घाला. आमच्या पिढीला तो शब्द वाचला की उरलेलं समजतं.