बंद पडलेल्या कंपनीचा हेल्मेट सेन्सर: ॲप आपणच लिहावं का?

पायडलपंत
सायकलच्या हेल्मेटच्या मागे चिकटवायचा एक सेन्सर माझ्याकडे आहे. डोकं आपटलं की तो ब्लूटूथवरून फोनला कळवतो, ॲप 30 सेकंद उलटे मोजतं आणि आपण थांबवलं नाही तर घरच्यांना ठिकाणासकट एसएमएस जातो. ही कल्पना आईसडॉट नावाच्या कंपनीची. त्याच तंत्रावर स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने 2018 मध्ये ॲन्जी हा सेन्सर आणला. माझा सेन्सर तिसऱ्याच कंपनीचा. ती बुडाली, सर्व्हर गेला, आता लॉगिनच्या पानावर चक्र फिरत राहतं.

सेन्सर मात्र ठणठणीत आहे. एनआरएफ कनेक्टमध्ये (ब्लूटूथ उपकरण काय पाठवतं ते दाखवणारं ॲप) बघितलं तर बॅटरी 81 टक्के दाखवतो. त्याखाली कंपनीची स्वतःची एक ‘सेवा’, म्हणजे ब्लूटूथवरचा माहितीचा कप्पा, आहे. गोधडीवर हेल्मेट टाकलं की तिथे 6 बाइट येतात, म्हणजे बहुधा धक्क्याच्या तीन अक्षांचे (दिशांचे) दोन-दोन.

लॉगिन नाही, सर्व्हर नाही, असं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) ॲप लिहायचं डोक्यात आहे. पेबल या स्मार्ट घड्याळांची कंपनी गेल्यावरही गॅजेटब्रिज या ओपन सोर्स ॲपमुळे ती घड्याळं चालत राहिलीच की. कोण येतंय?

ता. क. कुणाच्या जुन्या फोनात कंपनीचं ॲप अजून लॉगिन असलेलं उरलं असेल तर कृपा करून लॉगआउट करू नका! ते ॲप सेन्सरशी काय बोलतं ते ब्लूटूथचा स्नूप लॉग (देवाणघेवाणीची नोंद) काढून वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये बघता येईल.

खडूस_टेस्टर
माझा विरोध. गॅजेटब्रिजने पावलं चुकीची मोजली तर कुणाचं काय बिघडतं? इथे तुम्ही ताम्हिणीत रस्त्याकडेला पडलेले असाल आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप मघाशीच मारून टाकलेलं असेल. शिवाय अँड्रॉइड दर वर्षी काहीतरी बदलतं. अँड्रॉइड 12 मध्ये ब्लूटूथच्या परवानग्याच नव्या आल्या. तीन वर्षांनी तुमचा उत्साह ओसरला की हे सगळं कोण बघणार?

सगळ्यात वाईट म्हणजे घरचे. सेन्सर नव्हता तेव्हा नऊ वाजले की फोन करायचे. आता म्हणणार, मेसेज नाही ना आला, मग ठीक असेल.

पायडलपंत
बॅटरी सेव्हर कंपनीच्या ॲपलाही मारतच होता, फक्त ते आपल्याला दिसत नव्हतं. इथे कोड उघडा असेल. आणि ताम्हिणीत रेंजच नसते, तिथे कुणाचंच ॲप चालणार नाही.

मीनल_कोथरूड
घरच्यांची बाजू मी सांगते. आमच्याकडे असाच सेन्सर होता, ॲप कंपनीचंच. एका रविवारी नवरा सिंहगडावरून येऊन अंघोळीला गेला आणि हेल्मेट चपलांच्या स्टँडवरून फरशीवर पडलं. मोजणी संपली, सासूबाईंना सोलापुरात एसएमएस. त्यांनी लिंक उघडायच्या आत तीन नातेवाइकांना फोन लावले. साहेब पंचा गुंडाळून बाहेर येतात तर दारात शेजारचे काका उभे! त्यानंतर सेन्सर ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

खडूस_टेस्टर
@मीनल, हेच म्हणतोय. रिकामं हेल्मेट फरशीवर पडलं तरी धक्क्याचा आकडा मोठाच येतो, कारण कडक वस्तू कडक पृष्ठभागावर क्षणात थांबते. नुसत्या आकड्यावरून माणूस पडला की हेल्मेट, हे कळत नाही. अपघात ओळखणं ॲपलसारख्या कंपनीलाही नीट जमलं नाही: आयफोन 14 आला त्या हिवाळ्यात कोलोरॅडोतले स्कीइंगवाले नुसते धडपडत होते आणि त्यांचे फोन परस्पर 911 (तिथला आपत्कालीन नंबर) लावत होते. पंत, तुमच्याकडे चाचणीला काय आहे? गोधडी!

पायडलपंत
गोधडीला हसू नका, आजीची आहे. एक मीटरवरून सोडलं तर खाली पोचताना वेग ताशी 16 किमी होतो. निवांत सायकल चालवतो तेवढा. आणि धक्क्याआधी जीपीएसला सायकलचा वेग दिसला नसेल तर मोजणी सुरूच करायची नाही. सासूबाई वाचल्या असत्या.

खडूस_टेस्टर
आणि सिग्नलला उभं असताना मागून रिक्षाने उडवलं तर? वेग शून्य.

पायडलपंत
शेवटच्या दोन मिनिटांतला वेग धरू. पण मुद्दा मान्य.

वकिली_चष्मा
कायद्याची भीती कुणी घालायच्या आत सांगतो. ॲप तुमच्याकडे रीतसर आलेलं असेल आणि माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर आपला प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यापुरती ती काढायला कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(एबी) मुभा देतं. त्यांचा कोड उचलून चिकटवायला नाही. कंपनीचं नाव, लोगोही नको.

डॉ_गुडघेदुखी
‘मेंदूला मार: कमी / मध्यम / जास्त’ असलं काही पडद्यावर दाखवू नका. धक्क्याच्या आकड्यावरून कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) ठरत नाही. मंजुरी नसलेली अशी साधनं निदानासाठी वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणारी सरकारी संस्था) 2019 मध्ये बजावलं होतं. ‘धडक झाली’ एवढंच सांगा.

पायडलपंत
डॉक्टर, पटलं. खडूसराव, तुमचं अर्धं पटलं. पहिल्या आवृत्तीत एसएमएस ठेवत नाही, नुसती नोंद करू. चार-पाच जणांच्या महिनाभराच्या राइड्स गोळा झाल्या की बोलू.

खडूस_टेस्टर
मग त्याला सुरक्षेचं ॲप म्हणू नका, नोंदवही म्हणा. आणि सेन्सरशी जोडणी तुटली तर फोनने बोंबलून सांगितलं पाहिजे, कोपऱ्यात बारीक राखाडी चिन्ह नको. एवढं केलंत तर माझे दोन जुने फोन देतो. त्यातला एक तर ॲप्स मारण्यात पटाईत आहे. एसएमएसला विरोध कायम.

मीनल_कोथरूड
आमचा ड्रॉवरमधला हवाय का? सेल कुठला लागतो पण?

पायडलपंत
हवाय! मागचं झाकण नाण्याने फिरवा, सेलवरच लिहिलेलं असतं. माझ्यात सीआर2032 आहे. सेल पाझरला असेल तर मात्र आत हात घालू नका, तसाच आणा.