बडोद्याजवळ गळ टाकायला कोणते पाणी निवडावे?

प्रश्न (रावपुरा):
माझ्या मुलाला गळाने मासे धरण्याचा छंद लागला आहे. रॉड आणि रील घेऊन झाले, परंतु तलाव, नदी आणि खाडी यांपैकी सुरुवात कोठे करावी हे ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (दांडिया बाजार):
सुरुवात तलावापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले असल्याने तो पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून पाण्यावर तरंगणारे बूच आणि गळ यांमधील दोरीची लांबी बदलत गेले की कोणत्या थरात कोण आहे हे मुलाला आपोआप उमगते. मरळ मात्र पाणवनस्पतींच्या कडेला शोधावा, कारण त्याला श्वास घेण्यासाठी वारंवार वर यावे लागते. तो पिलांच्या थव्याची राखण करीत असेल तर त्याला धरू नये. पालक गेला की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. डभोईजवळचा वढवाणा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तेथे पक्षी पाहायला दुर्बीण न्यावी, गळ नको. विश्वामित्रीत मगरी असल्याने तिच्या काठी मुलाला मुळीच बसवू नये, आणि इतरत्रही आधी परवानगीची चौकशी करावी.

नर्मदा ही पुढची पायरी. खडकाळ तळाच्या, खळाळत्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, आणि खडस म्हणजे महाशीर त्याच पाण्याचा मासा. धरणांनी प्रवाह अडवल्यापासून तो फार कमी झाला आहे, त्यामुळे तो गळाला लागलाच तर ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात द्यावा.

उत्तर (वाडी):
वरील उत्तराशी सहमत आहे. खाडीविषयी थोडी भर घालतो. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिर भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, हे आपण पाहिले असेलच. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे, पाणी गढूळ असते आणि काठचा चिखल पाय धरून ठेवतो. तेथे चकाकणाऱ्या कृत्रिम आमिषापेक्षा वासाचे आमिष, म्हणजे कोळंबीचा तुकडा, अधिक उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), स्थानिक मच्छीमारासोबतच जावे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज गृहीत धरू नये. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिले निमखाऱ्या व गोड्या पाण्यात शिरून वाढतात, त्यामुळे नदीमुखाशी तो मिळण्याची आशा असते. स्वच्छ पाणी आणि खडकाळ किनारा हवा असल्यास दीवपर्यंतचा प्रवास करावा लागेल.

प्रश्नकर्ते:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारी परवानगी असलेल्या एखाद्या तलावावर कणकेचे गोळे आणि गांडुळे घेऊन जातो; खाडीचा विचार मुलगा मोठा झाल्यावर करू.