‘पडदाभर’ की ‘पूर्णपटल’? : लाँचरसाठी मराठी शब्द

शंका (खानापूर) : संगणकवर्गासाठी मराठी टिपणे लिहिताना ‘फुल-स्क्रीन लाँचर’पाशी (म्हणजे सगळ्या अ‍ॅपची चिन्हे पूर्ण पडद्यावर दाखवून हवे ते उघडून देणारी सोय) अडलो आहे. ‘पूर्णपटल प्रक्षेपक’ सुचले. पण प्रक्षेपक म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर अग्निबाण येतो. काय लिहावे?

उत्तर (बेळगाव) : ‘प्रक्षेपक’ सोडून द्यावा, कारण येथे काही फेकले जात नाही, उघडले जाते. ‘पूर्णपटल’पेक्षा मला ‘पडदाभर’ योग्य वाटतो. ताटभर, घरभर, अंगणभर यांतला हा ‘भर’ व्यापून टाकण्याचा अर्थ देतो, आणि लोकांची आवड-नावड नेमकी त्या व्यापण्याशीच निगडित आहे. विंडोज ८ (२०१२) वर अर्ज टाइप करणाऱ्या एका काकूंच्या हातून विंडोजची कळ दाबली गेली आणि पडदाभर रंगीत चौकोन पसरले, तेव्हा त्यांनी घाबरून विचारले होते, “सर, माझा अर्ज कुठं गेला ओ?” अर्ज तेथेच होता, फक्त झाकला गेला होता. २०१५ च्या विंडोज १० मध्ये कोपऱ्यातला मेनू परत आला आणि पडदाभर रूप सेटिंगमधला एक पर्याय म्हणून उरले. याउलट, मॅकवर २०११ साली आलेले लाँचपॅड हे पडदाभर लाँचर २०२५ च्या टाहो आवृत्तीत काढले गेले, तेव्हा ठरलेल्या जागी ठरलेले चिन्ह पाहण्याची सवय झालेले लोक हळहळले. केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये पडदाभर आणि कोपऱ्यातला असे दोन्ही प्रकार मिळतात, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

‘लाँचर’ या नामासाठी ‘मांडणी’ सुचवतो. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर सगळी भांडी एका नजरेत दिसतात. फडताळात शोधावी लागतात.

प्रतिसाद (निपाणी) : ‘पडदाभर’ मान्य. (कन्नडमध्ये ‘तेरे’ म्हणजे पडदा आणि ‘तेरे’ म्हणजेच उघडणे; आपल्याकडे अशी सोय नाही.) ‘मांडणी’ मात्र आपण कळफलकाच्या रचनेसाठी आधीच वापरतो, त्यामुळे एकाच टिपणात दोन मांडण्या आल्या तर विद्यार्थी गोंधळतील.

उत्तर (बेळगाव) : आक्षेप रास्त आहे. तर मग ‘पडदाभर लाँचर’ आणि ‘कोपऱ्यातला मेनू’ असे लिहावे. लाँचर हा शब्द मुलांच्या तोंडी मोबाइलमुळे रुळलेलाच आहे.