मनगटावर मॅग्नेट लावून मेंदूत फरक पडतो का? आईचं 'ब्रेन मॅपिंग' दाखवून पॅकेज विकतायत

ऐरोली_सेक्टर_आठ:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आई ६१ वर्षांची, आम्ही ऐरोलीला राहतो, गेलं वर्षभर तिची झोप नीट होत नाहीये आणि सकाळी उठली की डोकं जड, बीपीची गोळी चालू आहे, बाकी रिपोर्ट नॉर्मल. मावशी नौपाड्यात राहते, तिने ओळखीतल्या एका सेंटरमध्ये नेलं, तिथे अॅक्युपंक्चरच्या पॉइंटवर सुई न टोचता मॅग्नेटने ट्रीटमेंट देतात, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या खाली. पहिल्याच दिवशी डोक्याला वायरींची टोपी घातली (टोपीच घातली की काय हाच माझा प्रश्न आहे) आणि ब्रेन मॅपिंग केलं, अर्ध्या तासाने परत केलं. आधीच्या चित्रात डोक्याचा मागचा भाग निळा होता तो नंतर लालभडक. म्हणे बघा मेंदू अॅक्टिव्हेट झाला! आता १५ सिटिंगचं पॅकेज, १८ हजार. आई खूश आहे आणि मावशीचं तर विचारूच नका. मी कॉमर्सवाला, मला त्या चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मॅग्नेटने खरंच मेंदूत काही होतं का?

महापे_नाईटशिफ्ट:
मेडिकल मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे म्हणून आधी एकच विचारतो, ते मशीन टक् टक् वाजतं का? कारण मॅग्नेट मॅग्नेट म्हणतात त्यात दोन एकदम वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे पट्टीने चिकटवलेलं छोटं लोहचुंबक, ते नुसतं बसून असतं. सायकलचा डायनामो आठव, आत मॅग्नेट असतोच पण चाक फिरेपर्यंत दिवा पेटतो का? फॅरडेने १८३१ सालीच सांगून ठेवलंय, मॅग्नेटिक फील्ड बदललं तरच करंट तयार होतो, आणि नर्व्हला जागं करायला करंट लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे कॉइल, तारेचं वेटोळं. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चार्ज करून एका झटक्यात कॉइलमधून सोडतात, हजारो अँपिअर जातात, फील्ड १.५ ते २ टेस्लापर्यंत, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं, पण मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागापुरतंच. त्या झटक्याने कॉइल टक् करून वाजते. आणि बोटं आपोआप उडतात, ते पेशंटला कळतंच, कळत नाही असं होणार नाही.

गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या बार्करच्या टीमने १९८५ मध्ये पहिल्यांदा कवटीवरून मेंदूला असे झटके दिले, पण त्याआधी १९८२ मध्ये त्यांनी हाताच्या नर्व्हवर हेच केलं होतं. म्हणजे कॉइल लावली तर मनगटावर काहीतरी होतं ह्यात वाद नाही. बिंदी साइजचं मॅग्नेट चिकटवलं असेल तर मात्र १८ हजारात आईला चांगली गादी घेऊन दे राव.

तलावपाळीचा_कट्टेकरी:
लगेच सगळं थोतांड ठरवू नका हो. मला माळशेज घाटात एसटीत हमखास उलटी व्हायची, मनगटाला तो बटणवाला पट्टा लावायला लागल्यापासून बंद झाली, आता पट्टा विसरलो तर बायको आठवण करते. तो पॉइंट पण मनगटाच्या आतच असतो, घडीपासून तीन बोटं वर. आणि आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनहून आणलेली विद्या आहे ही अॅक्युपंक्चरची, उगाच हसू नका.

ईईजीवाली_वाशी:
कट्टेकरी, आधी कोटणीसांचं, ते १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, ते परत आलेच नाहीत तर विद्या कुठून आणणार. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू, ते नंतर पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी सुरू केलं. तुमच्या पट्ट्याचं मात्र मी खोटं म्हणणार नाही. तो पॉइंट पीसी ६, चिनी नाव नेइग्वान. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा २०१५ चा कोक्रेन रिव्ह्यू आहे (बऱ्याच ट्रायल एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष), ५९ ट्रायल, ७,६६७ पेशंट, खोट्या ट्रीटमेंटपेक्षा फायदा दिसला, पण पुरावा कमी दर्जाचा असं त्यांनीच लिहिलंय. आणि ती मळमळ आहे, झोप नाही.

आता ऐरोली, तुमच्या चित्राकडे येते, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, ब्रेन मॅपिंगची चित्रं त्यावरूनच बनतात) काढणं हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा जास्त बोलणार. त्या पॉइंटच्या बरोब्बर खालून मीडियन नर्व्ह जाते. आमच्याकडे मनगटावर त्याच नर्व्हला बारीक करंट देऊन टेस्ट करतात, साधारण २० मिलिसेकंदात मेंदूत सिग्नल पोचलेला स्क्रीनवर दिसतो. म्हणजे मनगटाला हात लावला, चिमटा काढला, बर्फ ठेवला तरी मेंदूत काहीतरी दिसणारच, दिसलं नाही तर काळजी करायची. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी खरोखर ह्याच पीसी ६ वर कॉइलने झटके देऊन ईईजी घेतला होता, मेंदूच्या भागाभागांतलं कनेक्शन वाढलेलं दिसलं, पण त्यांनी खोट्या पॉइंटवर, म्हणजे अॅक्युपंक्चरचा पॉइंट नसलेल्या जागी, पण तेच करून तुलना केली. तुलना नसेल तर निळं-लाल चित्र म्हणजे फक्त चित्र.

मागचा भाग लाल झाला म्हणालात ना? आठवा बरं, पहिलं मॅपिंग कधी केलं. आई ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरल्या असणार, तो पूल, ती गर्दी, रिक्षाची लाईन, मग अनोळखी जागा, डोक्यावर ओली जेल. नंतर अर्धा तास एसीत आडव्या, डोळे मिटून. माणसाने डोळे मिटून अंग सैल सोडलं की डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा लहरी वाढतात, सेकंदाला ८ ते १३ वाल्या. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाचा ईईजी पहिल्यांदा छापला तेव्हापासून ठाऊक आहे हे. मॅग्नेट न लावता पण मी तुम्हाला तसं चित्र काढून दाखवते, चहा पाजलात तर फुकट.

आणि 'अमुक पॉइंट दाबला की मेंदूचा अमुक भाग' हे ऐकायला फार गोड वाटतं. १९९८ मध्ये एक पेपर आला होता की पायाच्या करंगळीजवळचा डोळ्यांसाठीचा पॉइंट टोचला की एमआरआयमध्ये मेंदूचा बघण्याचा भाग पेटतो. खूप गाजला. २००६ मध्ये त्यातल्याच बऱ्याच लेखकांनी तो मागे घेतला, पॉइंट आणि मेंदूचा भाग अशी जोडी जुळत नाही म्हणून.

बाय द वे, आई घोरतात का?

कळवा_खाडीकाठ:
एक अर्जंट सांगून पळतो. कॉइलवालं मशीन असेल तर पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात कुठली क्लिप किंवा कधी फिट आलेली असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही. आणि पेसमेकरवाल्यांनी साधं मॅग्नेटही छातीजवळ नेऊ नये, त्याचा मोड बदलतो. आमच्या सासऱ्यांना कोणीतरी मॅग्नेटचा पट्टा दिला होता तो ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून फिरायचे, पेसमेकरच्या बरोब्बर वर!! आम्हाला कळलं तेव्हा घाम फुटला.

ऐरोली_सेक्टर_आठ:
सगळ्यांना थँक्यू, आज हाफ डे टाकून मीच आईबरोबर गेलो. टक् टक् वगैरे काही नाही. गोल चपटी मॅग्नेटं, वर पांढरी चिकटपट्टी, बस. मी विचारलं खोट्या पॉइंटवर करून बघितलंय का तर तिथली मुलगी म्हणाली सर आमच्याकडे सगळे पॉइंट ओरिजिनल आहेत. डोळ्यांचं विचारलं तर पहिल्या वेळी उघडे होते, दुसऱ्या वेळी आई म्हणाली मला डुलकीच लागली होती. ईईजीवाली ताई तुमचा चहा पक्का.

पॅकेज घेतलं नाही, मावशी माझ्याशी बोलत नाहीये. आई म्हणते पॅकेज नको तर नको पण दर बुधवारी मी गोखले रोडला येणारच, अर्धा तास कोणी हाक मारत नाही तिथे. ह्याला काय उत्तर देणार.

आणि हो, घोरते. म्हणजे बाबा तीन वर्षं हॉलमध्ये झोपतात इतपत. त्याचा काय संबंध?

ईईजीवाली_वाशी:
संबंध म्हणजे काय, तोच असेल कदाचित. रात्रभर घोरणं, मधेच श्वास अडकणं, झोप झाल्यासारखी न वाटणं, सकाळी डोकं जड आणि वर बीपी, हे स्लीप अॅप्नियात (झोपेत श्वास मधेमधे थांबतो तो आजार) एकत्र बघायला मिळतं. बाबांना विचारा घोरता घोरता मधेच एकदम शांत होतात आणि मग दचकून श्वास घेतात का. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, ते बहुतेक स्लीप स्टडी सांगतील, त्यातही वायरी लावतात पण रात्रभर.

ऐरोली_सेक्टर_आठ:
बाबा म्हणतात हो, अगदी तसंच होतं, आणि मला कोणी विचारलंच नाही.