कोरियन शेंगोळी कोणाकोणाला पाहिजे

सोसायटीचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ, ५:३२

मी: नमस्कार मंडळी. आमच्या कन्येनं चार दिवस झाले डोकं खाल्लंय, सिरीयल बगून बगून तिला ते कोरियन तोकबोकी पाहिजे म्हणं. नव्या पेठेकडं एकजण बनवून देतो, ॲपवर आहे, पण आपल्या जुळे सोलापूरला आणायचं तर डिलिव्हरीच ६८ रुपये दाखवायलंय, एका प्लेटसाठी जीवावर येतं ओ. अजून कोणाला पाहिजे असेल तर एकत्रच मागवू, सातच्या आत सांगा

ए-२०३ काकू: काय असतंय ते

सी-१०१ दादा: वैनी रबर असतंय रबर. पुण्यात खाल्लोय मी

बी-३०१: पाणी कधी सोडणार आहेत कोणाला माहितीय का

सेक्रेटरी काका: पाणी उद्या पहाटे, मोटारी वेळेत लावा. आणि हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे, खाण्यापिण्याचं दुसऱ्या ग्रुपवर बोला असं मी गणपतीतच सांगितलेलं

सेक्रेटरी काका: व्हेज आहे का

मी: काका व्हेज पण आहे. काकू सांगते, तांदळाचं असतंय ते. साधा तांदूळ भिजवून दळायचा, वाफवायचा, मग कुटून कुटून किंवा मशीनमधनं काढून त्याच्या लांब लांब पांढऱ्या वळ्या करतात, बोटाएवढे तुकडे पाडायचे आणि लाल तिखट गोडसर रश्श्यात शिजवायचे. रश्शात त्यांची ती गोचुजांग म्हणून पेस्ट असते. तोक म्हणजे ती तांदळाची वडी आणि बोकी म्हणजे परतलेलं, असं आमच्या घरच्या विद्वानाचं म्हणणं

सी-३०५ कॉलेजवाला: काकू माझे दोन. मासेवाले

ए-२०३ काकू: मासे कुठनं आले मधीच?? आत्ता तर तांदूळ म्हणलीस

मी: काकू तीच गोष्ट नीट सांगायची होती, बरं झालं विचारलंत. वडी व्हेज, पेस्ट पण बहुतेक व्हेजच, मिरची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ. पण मूळ कोरियन पद्धतीत रस्सा नुसत्या पाण्यात करत नाहीत, वाळलेले बारके मासे आणि समुद्री शेवाळ उकळून त्या पाण्यात करतात. वर माशाच्या वड्यांच्या पट्ट्या टाकतात, ओमुक म्हणतात त्याला, दिसायला पातळ धिरड्यासारख्या, त्यामुळं न सांगता दिलं तर कळणार पण नाही. नुसता हिरवा ठिपका बगून मला खात्री वाटेना म्हणून फोन लावला त्याला

सी-२०२ वैनी: हो नीट विचारा ताई, आमच्यात चालत नाही आणि त्यात सिद्धेश्वरांची यात्रा सुरू आहे

मी: विचारलं वैनी. व्हेजला साधं पाणी आणि भाज्या, मासे नाहीत, पट्ट्या नाहीत म्हणला. कढई वेगळी का विचारलं तर आधी म्हणला हो, मग म्हणला थांबा विचारतो, मग परत म्हणला हो

सी-२०२ वैनी: मग राहू दे. आमच्याकडं भोगीची भाजी उरलीय ती संपवायचीय

ए-३०१ भाभी: कांदा लसूण असेलच ना त्यात

मी: रश्श्यात लसूण आणि पातीचा कांदा दोन्ही असतंय भाभी, तुम्हाला नाहीच चालणार

सेक्रेटरी काका: माझं एक व्हेज लिहा. तिखट किती असतं? मीडियम, स्पायसी, एक्स्ट्रा स्पायसी असं दिसायलंय. एक्स्ट्रा लिहा

सेक्रेटरी काकू: ॲसिडिटीची गोळी पण लिहा

सेक्रेटरी काका: सोलापूरच्या माणसाला कोरियाचं तिखट काय करणाराय

सी-३०५ कॉलेजवाला: काका खरंय. त्यांची मिरची पूड आपल्या ब्याडगीसारखी, रंग भडक पण जाळ कमी. लाल बगून माणूस घाबरतो आणि पहिला घास गोड लागतो. पण एक्स्ट्रावाल्यात ते वेगळं काहीतरी जहाल घालतात, हॉस्टेलवर एकानं खाऊन अर्धा लिटर दूध प्यालेलं. मीडियमच घ्या

सेक्रेटरी काका: एक्स्ट्रा.

ए-१०२ आजी: मी नातू टाईप करतोय, आजी विचारतीय की तांदळाची वळी तिखट पाण्यात शिजवायची म्हणजे शेंगोळीच की

मी: आजी अगदी तेच!! आपली हुलग्याची, ती तांदळाची

ए-१०२ आजी: आजी म्हणतीय मग मागवायची कशाला, बाहेरनं शेंगोळी मागवणारं हे पहिलं गाव असंल. आणि एक व्हेज लिहा म्हणतीय, कमी तिखट

सी-१०१ दादा: माझं पण एक लिहा, चीजवालं

मी: रबर म्हणत होतात की

सी-१०१ दादा: मुलाला पाहिजे ओ

ए-२०३ काकू: माझं एक साधं व्हेज. शेंगा चटणी घालून बगते बरी लागते का

मी: ठरलं. व्हेज ४, मासेवाले ३ म्हणजे सी-३०५ चे दोन आणि आमचं एक. मागवलं. पाऊण तास दाखवायलंय

७:५८

सेक्रेटरी काका: आलं का

मी: नाही काका. नकाशावर पोरगा पार्क चौकात दिसायलाय, पंधरा मिनिटं झाली गाडी तिथंच फिरायलीय

सी-३०५ कॉलेजवाला: गड्ड्याची म्हणजे यात्रेतल्या जत्रेची गर्दी काकू. होम मैदानाकडं आज शनिवार, आख्खा जिल्हा उतरला असेल

मी: मला कसं सुचलं नाही हे. यात्रेच्या दिवसात नव्या पेठेतनं इकडं मागवायचं म्हणजे माझंच चुकलं. फोन केला तर म्हणला मॅडम समोर पाळणा दिसायलाय, त्याच्या पुढं काहीच हलेना

सी-१०१ दादा: त्याला म्हणा पाळण्यात बसून ये

मी: बरं हे माझी कन्या टाईप करायलीय आता, फोन ओढून घेतला

मी: हाय एव्हरीवन. उशीर होतोय तोवर सांगते, हे आधी लाल नव्हतंच. पूर्वी राजवाड्यात सोया सॉस घालून करायचे, बीफ आणि भाज्या घालून, तिखट नाही. मिरचीच कोरियात सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पोचली असं मानतात, आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली तशीच ती पण मूळची अमेरिकेची. आणि आत्ताचं लालवालं १९५३ मधे सोलमधल्या सिंदांग-दोंग भागात मा बोक-रिम नावाच्या बाईंनी सुरू केलं असं सांगतात, त्यांच्या हातनं तांदळाची वडी काळ्या सॉसच्या नूडल्समधे पडली आणि ती चव आवडली मग त्यांनी गोचुजांग घालून रस्त्यावर विकायला सुरुवात केली. अजून तिथं तोकबोकीची आख्खी गल्ली आहे

ए-२०३ काकू: आपल्याकडं भाकरी पातेल्यात पडली तर आम्ही शिव्या खाल्ल्या असत्या, त्या बाईची गल्ली झाली

सेक्रेटरी काका: १९५३ म्हणजे तिकडचं युद्ध थांबलं ते साल

मी: हो काका. नंतर तांदूळ टंचाईच्या काळात गव्हाच्या पिठाच्या वड्या पण करायचे, त्या अजून मिळतात, काही लोकांना त्याच आवडतात. आणि हीच वडी तिरकी पातळ कापून सूपमधे घालून त्यांच्या चांद्र नववर्षाला खातात, ते खाल्लं की वय एक वर्षानं वाढलं असं धरतात

ए-१०२ आजी: आजी म्हणतीय मग मला नको ते सूप

९:०४

मी: आलं एकदाचं. पोराला पाणी पाजलं, बिचारा घामाघूम, त्याची काहीच चूक नाही. गेटवर उतरून घ्या आपापलं, डब्यावर ठिपका बगून घ्या प्लीज, हिरवे चार आणि लाल तीन. लाल डब्यात घातलेला चमचा हिरव्यात घालू नका

९:१९

सी-१०१ दादा: रबर. म्हणलेलो

ए-२०३ काकू: गार गोठून एकमेकाला चिकटलंय सगळं, चमचा उभा राहायलाय

सी-१०१ दादा: चीज तर डब्याच्या झाकणाला. पोरगं झाकण चाटायलंय

सेक्रेटरी काका: वडी वाटीवर वाजवल्यावर आवाज येतोय. तक्रार टाका ॲपवर, फोटो काढून

मी: टाकली काका. त्यांनी खूप दिलगिरी व्यक्त करून पुढच्या ऑर्डरवर ५० रुपये सूट दिलीय. म्हणजे परत मागवायचं आणि परत गार खायचं. पण थांबा, कोणी टाकू नका, हे सुधारतंय. गार झालं की भात कसा टणक होतो, फ्रीजमधला सकाळचा भात बगा, तसंच हे, नुसता तांदूळच आहे, त्यातला स्टार्च गारठून आवळतो. आपली कडक भाकरी आपण मुद्दाम कडक करतो, ही आपोआप झालीय. कढईत काढा, अर्धी वाटी पाणी घाला, मंद गॅसवर झाकण ठेवून पाच सात मिनिटं, हलवत राहा नाहीतर बुडाला लागतं, गोडसर असल्यानं लगेच जळतं. मायक्रोवेव्हला लावणार असाल तर आधी दोन चमचे पाणी शिंपडा, कोरडं लावलं तर अजून वाईट

मी: आणि आजी, लहान पोरं, तुकडे बारीक कापून द्या हं. चिकट असतं, घाईत गिळलं की घशात अडकतं, यात चेष्टा नको

९:४१

ए-२०३ काकू: अगं झालं की मऊ! लुसलुशीत एकदम. पाणी घातल्यावर रस्सा पण जरा माणसात आला, आधी नुसता पाक होता

सी-१०१ दादा: बरंय. पोरानं मला दोनच तुकडे दिले

सेक्रेटरी काका: एक्स्ट्रा स्पायसी म्हणजे काहीच नाही. पहिले तीन घास

सेक्रेटरी काकू: चौथ्या घासाचं सांगायला ते इथं नाहीत, बाथरूममधे तोंडावर पाणी मारायलेत. ताक पाठवता का कोणी

सी-२०२ वैनी: माझ्याकडं आहे, पाठवते मुलाला वर

सेक्रेटरी काका: ते मिरचीचं तिखट नाही, मागनं येतंय. आपलं काळं तिखट समोरनं येतं, प्रामाणिक असतंय

ए-१०२ आजी: आजीची कवळी अडकलीय वडीत, हसू नका, निघाली. आजी बोलतीय तसं टाईप करतोय. चव वाईट नाही पण गोड कशाला करायचं म्हणतीय, शेंगोळीत गूळ घातलेला कधी ऐकलाय का. हुलग्याच्या पिठात लसूण जिरं तिखट मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर वळून कडबोळ्यासारखी वळी करायची आणि लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायची, सगळी एकदम टाकली की लगदा होतो. थोडं पीठ पाण्यात कालवून वरनं लावलं की रस्सा दाट होतो. आणि ती गार झाली तरी रबर होत नाय म्हणतीय

सी-३०५ कॉलेजवाला: आजी पुढच्या रविवारी करा ना, आम्ही येतो

ए-२०३ काकू: शेंगा चटणी घातली मी वरनं दोन चमचे आणि कच्चं तेल. आता तेवढीच चव लागायलीय, कोरिया गेला कुठंतरी. पण भारी लागायलंय

मी: काकू कन्या बेशुद्ध पडायची राहिलीय हे वाचून

सी-२०२ वैनी: ताई घरी नाही का करता येणार हे? मग मासे बिसे, कढई काही प्रश्नच नाही

मी: येतंय की वैनी, मागच्या महिन्यात एकदा केलेलं मी. मोदकाला काढतो तशी तांदळाची उकड, मीठ घालून, गरम असतानाच खूप मळायची, बोटाएवढ्या वळ्या, उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवायच्या आणि लगेच गार पाण्यात. त्यांचा तांदूळ आखूड आणि चिकटसर असतो म्हणून मी इंद्रायणीचं पीठ घेतलं, बासमतीच्या तुकड्याचं नको, तुटतं. विकतच्याएवढी चिवट होत नाही, जरा मऊच राहते, पण आपल्या दातांना तीच बरी. रस्सा पातीचा कांदा, लसूण, सोया सॉस, थोडा गूळ आणि ती पेस्ट, पेस्टचा डबा ऑनलाईन मागवला, घेताना मागचं लेबल वाचा फक्त. पण कन्या म्हणाली छान आहे पण हे ते नाही, म्हणून आज हा सगळा कुटाणा

सी-२०२ वैनी: बरं मग एकदा बोलवा मला, बगते

१०:१५

मी: हिशोब टाकते मंडळी. व्हेज ४ गुणिले २२० म्हणजे ८८०, मासेवाले ३ गुणिले २६० म्हणजे ७८०, पॅकिंग ७० आणि डिलिव्हरी ६८, एकूण १७९८. वरचा खर्च वाटून व्हेजवाल्यांनी २४० आणि मासेवाल्यांनी २८० पाठवा, माझ्या नंबरवर यूपीआय करा

सी-३०५ कॉलेजवाला: ५६० पाठवले काकू

ए-२०३ काकू: नातवाला सांगते, मला जमत नाही ते

सी-१०१ दादा: पाठवले. पुढच्या वेळी गड्डा संपल्यावर मागवू

सेक्रेटरी काका: २४० गुणिले ४ म्हणजे ९६०, २८० गुणिले ३ म्हणजे ८४०, एकूण १८०० होतात. वरचे दोन रुपये कुठं गेले?

मी: काका तुमचं तोंड थंड झालं वाटतं

सेक्रेटरी काका: हिशोब हिशोबाच्या जागी

मी: सोसायटीच्या सिंकिंग फंडात जमा करा, उद्या रोख आणून देते

सेक्रेटरी काका: पावती घेऊन जा. आणि पहाटे मोटारी वेळेत लावा सगळ्यांनी